मुक्काम पोस्ट

मु. पो. वळ, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे. पहिलीच्या दाखल्यापासून परवाच्या गृहकर्जाच्या फॉर्मपर्यंत हा पत्ता मी किती वेळा लिहिला असेल, देव जाणे. पण त्यातल्या 'मु.'कडे कधी लक्ष गेलं नव्हतं. मु. म्हणजे मुक्काम. मूळचा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला आणि इथेच राहिला. अर्थ, थांबण्याची जागा. संध्याकाळी पोचायचं, जनावरं बांधायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि दोन-चार दिवसांनी उठायचं, तो मुक्काम. आता गंमत बघा. पिढ्यान् पिढ्या एका जागी बसलेल्या आम्हा लोकांच्या पत्त्याची सुरुवात मुक्कामाने होते, आणि जे खरोखरच मुक्कामावर मुक्काम करत जगतात त्यांना पत्ताच नसतो.

पोटासाठी मी फॉर्म बनवतो. म्हणजे सॉफ्टवेअरवाला आहे, पण दिवसभरातलं निम्मं काम कुठल्या ना कुठल्या फॉर्मचं. 'कायमचा पत्ता' या चौकोनापुढे लाल चांदणी टाकायची, की तो रिकामा ठेवणाऱ्याला पुढे जाता येत नाही. ही अडवणारी ओळ लिहायला मला अर्धं मिनिट लागतं. सरकारी कारभारात ही ओळ केव्हा आली, हा प्रश्न डोक्यात घुसला आणि गेले तीन-चार शनिवार-रविवार त्यातच गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आमच्या गावाबद्दल दोन शब्द, कारण पुढे लागणार आहेत. ठाण्याहून कशेळी, काल्हेर करत अंजूरफाट्याकडे जाताना आजूबाजूला पत्र्याची गोडाऊन दिसायला लागतात. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे, वळ, माणकोली असा तो सगळा पट्टा. पूर्वी भाताची खाचरं होती. मुंबईत माल शिरला की जकात, म्हणून माल हद्दीबाहेर उतरवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा गोडाऊनच्या धंद्याचा जुना हिशेब. जकात १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली, गोडाऊन मात्र वाढतच राहिली. तुम्ही रात्री अंथरुणात पडून मोबाइलवरून जे मागवता त्यातलं बरंच काही आमच्या गावच्या आसपासच्या शेडमधून निघतं. म्हणजे फिरत्या मालासाठी आम्ही गावच्या गाव रिकामं करून दिलं. त्याच शेडच्या भिंतीलगत अधूनमधून पालं पडतात. काळं-निळं प्लास्टिक, बांबू, एखादी बकरी, दोरीवर वाळणारे कपडे. कधी घिसाडी असतात, कधी वडार, कधी नुसती सुया-पोत विकणारी वैदू बायकांची टोळी. आठ-पंधरा दिवस असतात आणि मग एका सकाळी नसतात. (वीटभट्टीवर येणारे कातकरी वेगळे. ते अनुसूचित जमातीत येतात, त्यांची फाइलच निराळी.)

तर इतिहास. १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता, मुंबई इलाख्यात आला तो १९११ च्या सुधारित कायद्याने, आणि १९२४ मध्ये सगळ्याचा मिळून एकच कायदा झाला. कल्पना साधी आणि भयंकर. गुन्हा केला म्हणून माणूस गुन्हेगार नाही, अमुक जमातीत जन्मला म्हणून गुन्हेगार. जमात एकदा 'नोटिफाय' झाली की माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरावीक वेळी हजेरी, आणि गाव सोडायचं तर पास. मीठ, धान्य, गुरं लादून शेकडो मैल फिरणारे, गावोगाव खेळ करणारे, टोपल्या विणणारे, शिकार करणारे असे कितीतरी लोक यात आले. त्यांचा समान दुवा एकच, त्यांचा ठावठिकाणा कलेक्टर कचेरीच्या वहीत बसत नव्हता. आमच्या भाषेत बोलायचं तर ज्या रेकॉर्डला पत्ता नाही ते रेकॉर्ड संशयास्पद.

यावर मुंबई सरकारने शोधलेला उपाय म्हणजे 'सेटलमेंट'. सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती केल्या आणि लोकांना त्यात आणून ठेवलं. सोलापूर का? तर तिथे कापडगिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. सोलापूरची वसाहत काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवली. आत शाळा होती, दवाखाना होता, गिरणीत काम होतं, आणि हजेरीही होती. या सगळ्या कारभारावर मुंबई इलाख्यात स्टार्ट नावाचा आयसीएस अधिकारी होता. हा तोच स्टार्ट, ज्याच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९३० मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. त्या समितीत डॉ. आंबेडकर आणि ठक्करबाप्पा सदस्य होते. एकाच माणसाच्या टेबलावर कुंपणही आणि कल्याणही. तो दुष्ट होता असं मला वाचताना वाटलं नाही. उलट त्याला मनापासून वाटत असावं की आपण या लोकांचं भलं करतोय. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आता एक बारीक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. सेटलमेंटमध्ये 'चांगली' वागणूक दाखवणाऱ्या कुटुंबाला तारेबाहेर, पण जवळच, राहायला मिळायचं. त्या वस्तीला म्हणायचे फ्री कॉलनी. सोलापुरात आजही पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं लिहितात, पुढे नंबर टाकून. फ्री कॉलनीचं मराठी करून बघा. मुक्त वसाहत. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

देश स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला. हे लोक झाले ३१ ऑगस्ट १९५२ ला. अय्यंगार समितीने शिफारस केल्यावर केंद्राने कायदा रद्द केला आणि 'गुन्हेगार' जमाती 'विमुक्त' झाल्या. पाच वर्षं आणि सोळा दिवसांचा फरक. म्हणून अनेक वस्त्यांवर ३१ ऑगस्टला झेंडा लागतो.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती. पण १९५९ उजाडलं. त्या एका वर्षाच्या नावाने मुंबई राज्याचे दोन कायदे आहेत. पहिला सराईत गुन्हेगारांचा. यात जात लिहिलेली नाही, माणूस बघायचा, हे कागदावर खरं आहे. पण पोलीस ठाण्यातली वही तीच आणि वस्ती तीच, तेव्हा बघायचा माणूस कुठून येणार हे सांगायला नको. (हे फार जुनं झालं असं समजू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला, त्यात विमुक्त जमातींना ऊठसूट पकडू नका असं पोलिसांना बजावावं लागलं.) दुसरा कायदा भीक प्रतिबंधाचा. त्यात भीक मागण्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं किंवा वस्तू विकायला पुढे करणं अशा कुठल्याही निमित्ताने पैसे मागितले तरी ती भीकच. आता गोंधळी, वासुदेव, कुडमुडे जोशी, डोंबारी, बहुरूपी, नंदीवाले यांच्याकडे बघा. आख्खी यादीच व्याख्येत जाऊन बसली. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने अस्वलवाले दरवेशी आणि गारुडी यांचा धंदा गेला. प्राण्यांच्या बाजूने बघितलं तर तो कायदा हवाच होता, मी त्याच्या विरोधात नाही. पण अस्वल सोडवलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काय काम दिलं, या प्रश्नाचं उत्तर कायद्यात नाही. कैकाड्यांच्या टोपल्या-कणग्यांना तर कायदा करायचीही गरज पडली नाही, प्लास्टिक आलं.

लक्ष्मण मानेंचं 'उपरा' १९८० मध्ये आलं, लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ मध्ये. दोन्हींना साहित्य अकादमी मिळालं. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ती आहेत. पुस्तक वाचून हळहळणं आणि गावाच्या कडेला पाल पडलं की पोलीस-पाटलाला फोन करणं, ही दोन्ही कामं एकच घर करू शकतं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. फिरणाऱ्यांवर नजर ठेवणं हे गावगाड्यात अंगवळणी पडलेलं आहे, त्याला १८६७ च्या ग्राम पोलीस कायद्यापासूनचा आधार आहे. परका आला, खबर द्या.

महाराष्ट्राने एक काम मात्र इतर राज्यांच्या आधी केलं. १९६० मध्ये राज्य झाल्यावर थाडे समिती नेमली आणि तिच्या आधारावर १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती अशी यादी केली. शासन निर्णयाची तारीख २१ नोव्हेंबर १९६१. शिक्षणात, नोकरीत सवलती आल्या, आश्रमशाळा आल्या, आणि त्यातून शिकलेली पिढी उभी राहिली. हे कमी नाही. पण प्रत्येक चांगल्या प्रणालीत एक बग असतो, तसा इथे ती तारीखच बग झाली. जातीचा दाखला हवा तर तुमचं कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ ला किंवा त्याआधी महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा द्या. कुठला पुरावा? शाळेचा दाखला, जन्ममृत्यूची नोंद, सातबारा, गावचं रेकॉर्ड. म्हणजे ज्यांना फिरस्ते म्हणून सवलत द्यायची त्यांनी आपण फिरत नव्हतो हे सिद्ध करायचं. माझ्या पणजोबांचा १९६१ चा कागद वळच्या तलाठ्याकडे दहा मिनिटांत सापडेल. शेत होतं ना. पालात जन्मलेल्या माणसाचा कागद कुठे शोधायचा? अटीत नंतर सवलती निघाल्या, स्थानिक चौकशीवर दाखला द्या वगैरे, पण काउंटरच्या पलीकडे बसलेला माणूस कागदच मागतो. फॉर्म बनवणारा म्हणून सांगतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं.

यादीचा अजून एक गोंधळ. कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जात, तेलंगणात अनुसूचित जमात. तोच प्रोग्रॅम, सर्व्हर बदलला की वेगळा चालतो. आम्ही असं केलं तर टेस्टिंगवाले डोक्यावर घेतात. आणि फिरणारा माणूस सर्व्हर बदलणारच, तो फिरतोय.

आता २०११ कडे या. हे वर्ष माझ्या मते या सगळ्या गोष्टीची गाठ आहे. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग विरुद्ध पंजाब या खटल्यात निकाल दिला की गावाच्या सामाईक जमिनी, गायरानं, तलाव यांवरची अतिक्रमणं काढा. पंजाबातल्या गावतळ्यावर घरं बांधणाऱ्या बड्यांचा तो खटला, निकाल योग्यच. त्यावरून महाराष्ट्राने १२ जुलै २०११ ला शासन निर्णय काढला आणि गायरान जमीन द्यायला जवळपास कुलूपच लागलं. पण गायरान आणि पड जमीन हीच तर गावाच्या कडेची जागा, जिथे पाल पडायचं. बरोबर साडेपाच महिन्यांनी, २७ डिसेंबर २०११ ला, याच सरकारने 'यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना' काढली. विमुक्त जाती, भटक्या जमातींच्या कुटुंबांना प्रत्येकी ५ गुंठे जमीन आणि २६९ चौरस फुटांचं घर. एका वसाहतीत २० कुटुंबं. मुंबई शहर आणि उपनगर सोडून प्रत्येक जिल्ह्यात दर वर्षी तीन गावं.

मुक्त वसाहत! नाव ठेवणाऱ्याच्या डोक्यात सोलापूरची फ्री कॉलनी असेल असं नाही, योगायोग असेल. पण मला झटका बसायचा तो बसलाच.

योजना वाईट नाही, हे आधी सांगतो. उलट उदार आहे. ५ गुंठ्यांमध्ये घर बांधून उरलेल्या जागेत शेळ्या पाळा, भाजी लावा, काहीतरी धंदा करा, असा विचार त्यात आहे. नुसती खुराडी बांधली नाहीत. पण आकडेमोड करू. २० कुटुंबांना ५ गुंठे म्हणजे १०० गुंठे, अडीच एकर. गावात अडीच एकर सलग मोकळी सरकारी जमीन कुठली? गायरान. आणि गायरानाला जुलैपासून कुलूप. बरं, समजा सगळं शंभर टक्के यशस्वी झालं. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते, दोन वगळून ३३. गुणिले तीन गावं, गुणिले वीस कुटुंबं. १,९८०. वर्षाला दोन हजारांच्या आत. रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात देशभरात अशा लोकांची संख्या १० कोटींच्या घरात मांडली होती. त्यातला महाराष्ट्राचा वाटा छोटा नक्कीच नाही. पुढे २०१८ मध्ये वसाहतीसाठी वीस कुटुंबं जमत नसतील तर वैयक्तिक लाभ देण्याची सोय झाली, त्याने थोडं मोकळं झालं.

आणि अटी. प्राधान्य कुणाला? पालात राहणाऱ्यांना, गावोगाव भटकून पोट भरणाऱ्यांना. पात्र कोण? वर्षातून किमान सहा महिने एका ठिकाणी राहणारे. या दोन ओळी एकाच कागदावर आहेत. एका शर्तीत हो, दुसरीत नाही, आणि दोन्ही पूर्ण झाल्या पाहिजेत. मी अशी शर्त लिहिली असती तर माझ्या टीम लीडने चहाच्या टपरीवर नेऊन समजावलं असतं.

मला खोड काढायची नाहीये. बहुतेक भटक्या कुटुंबांना आज घर हवंच आहे, मुलं शाळेत घालायचीत, म्हातारी माणसं एका जागी ठेवायचीत. घर द्याच. पण घर असलेलीही कित्येक कुटुंबं आठ महिने बाहेर असतात, कारण पोट बाहेर आहे. मंगळवेढ्यात घर असलं तरी भिक्षा मंगळवेढ्यात मिळत नाही. तारेची वसाहत असो की पाच गुंठ्यांचा प्लॉट, सरकारला दीडशे वर्षं एकच प्रश्न सुचलाय, यांना थांबवायचं कसं. वाटेवर असताना हे लोक रात्री कुठे उतरणार, पाणी कुठलं पिणार, बाई अंघोळ कुठे करणार, हा प्रश्न कुठल्याच कागदावर नाही.

आणि तो नसला की काय होतं ते १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. पिंपळनेरजवळ त्यांची पालं होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज व्हॉट्सॲपवर तेव्हा सगळीकडे फिरत होते. जमावाने त्यांना पकडलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडलं आणि तिथेच ठेचून मारलं. पाचही जणांना. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. आमच्या ऑफिसात त्यावर तांत्रिक चर्चा रंगली होती, ही मर्यादा कशी बसवली असेल, एनक्रिप्शन असताना कशी चालेल. मीही हिरिरीने बोललो. ती इमारत ग्रामपंचायतीची होती, यावर कुणीच काही बोललं नाही. पिंपळनेरच्या पालांची साधी नोंद आजूबाजूच्या गावांत असती, हे लोक अमुक दिवस इथे मुक्कामाला आहेत, दर वर्षी येतात, असं एखाद्या फळ्यावर असतं, तर जमाव थांबला असता का? छातीठोक सांगता येत नाही. पण निदान एक माणूस ओरडून सांगू शकला असता की मी यांना ओळखतो.

मुक्कामाची जागा सरकारने द्यायची, हे जगात कुणी केलंय का? केलंय. ब्रिटनमध्ये. तिथे जिप्सी आणि ट्रॅव्हलर म्हणून ओळखले जाणारे फिरस्ते आहेत. त्यातले रोमा हजारेक वर्षांपूर्वी आपल्याच बाजूने गेलेले, त्यांच्या भाषेत पाण्याला पानी, कानाला कान आणि नाकाला नाखच म्हणतात. १९६८ मध्ये एरिक लबक नावाच्या लिबरल खासदाराने पुढाकार घेऊन कायदा करवला, की कौंटी कौन्सिलांनी या लोकांच्या गाड्यांसाठी जागा पुरवल्याच पाहिजेत. १९७० पासून तो अमलात आला आणि शेकडो जागा झाल्या. कुठे हमरस्त्याला खेटून, कुठे कचरा डेपोच्या शेजारी, पण पाणी, वीज, संडास आणि पत्ता! १९९४ मध्ये सरकारने हे बंधन काढून टाकलं, आता ज्याचं त्याने जमीन घेऊन बघावं म्हणून. जागांची वाढ मंदावली, रस्त्याकडेचे मुक्काम आणि हुसकावणं चालूच राहिलं. २०२२ मध्ये तर परवानगीशिवाय गाडी लावून राहण्याच्या हेतूलाच गुन्हा करणारा कायदा आला, आणि त्यातला काही भाग मानवी हक्कांशी विसंगत आहे असं तिथल्या उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं. गोऱ्यांनी आपल्याकडे १८७१ मध्ये वापरलेलं डोकं त्यांच्या घरी अजून शाबूत आहे, असं म्हणायचा मोह होतो. पण मधली चोवीस वर्षं खरी आहेत. स्थानिक संस्थेवर बंधन घातलं की जागा निघते, बंधन काढलं की निघत नाही.

आपण तिकडे बघायची तशी गरजही नाही. फिरणाऱ्यांना उतरवून घेण्यात मराठी माणसाइतका सराव कुणाला आहे? आळंदीहून पंढरपूरला पालखी निघते. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. प्रत्येक ठिकाणी पालखीतळ. जमीन राखलेली, पाण्याचे टँकर, फिरते संडास, दवाखाना, दिवे. लाखो माणसं एक रात्र उतरतात आणि सकाळी तळ रिकामा. त्यासाठी कुणी १९६१ चा पुरावा मागत नाही. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा जिल्हा परिषद भरवते, आणि तिथे घोडे-गाढवांच्या बाजाराला भटक्यांचे तांडेच्या तांडे उतरतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथाच्या यात्रेत होळी ते पाडवा राज्यभरच्या भटक्यांचा मेळा असतो, जातपंचायती तिथेच बसायच्या. म्हणजे माणसं तीच, पालंही तीच. देवाच्या नावाने उतरली तर प्रशासन नळ देतं. पोटासाठी उतरली तर पोलीस-पाटील येतो.

'तळ' हा शब्द मला म्हणूनच आवडलाय. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याच्या अनुसूचीत पंचायतीच्या कामांची लांबलचक यादी आहे. त्यात जत्रा आणि बाजार यांच्या बरोबरीने टांगातळ आणि गाडीतळ आहेत. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की गावात बाहेरून गाड्या येणार, बैल सुटणार, माणसं रात्रभर उतरणार, आणि त्याची व्यवस्था गावाने ठेवायची. टांगे गेले, यादीतली ओळ राहिली.

राहता राहिली मोजदाद. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशातले बेघर मोजले, १७ लाख ७० हजारांच्या आसपास भरले. पुलाखाली, फलाटावर, पालात, सगळे धरून. पुढच्या जनगणनेत जात विचारली जाणार असं केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलंय. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती मोजायच्या आहेत, तेव्हा या लोकांचा आकडा निदान कागदावर येईल. पण मोजणारा ज्या रात्री येईल त्या रात्री पाल कुठे असेल, हे त्याला कुणीतरी सांगावं लागेल ना? आधार कार्डाच्या वेळी कागदपत्रं नसलेल्यांसाठी 'परिचयकर्ता' नावाची सोय ठेवली होती. एका नोंदलेल्या माणसाने सांगायचं की हो, हा माणूस मला माहीत आहे. सगळ्या प्रणालीत मला तीच एक जागा माणसासारखी वाटली.

आमच्याकडे काय करता येईल? वळ अजून ग्रामपंचायत आहे, म्हणजे कागदावर ग्रामीण, म्हणजे मुक्त वसाहत योजना इथेही लागू व्हायला हरकत नाही. पण भिवंडीभोवतालच्या ६० गावांचं नियोजन २००७ पासून एमएमआरडीएकडे आहे आणि या पट्ट्यात अडीच एकर सलग जमीन कुणी फुकट सोडेल, असं म्हणणाऱ्याला आमच्या काकांनी वेड्यातच काढलं असतं. अडीच एकर नकोच. आपण ट्रकचा हिशेब करतो तसा करू. मोठा कंटेनर लांबीला चाळीस फूट, रुंदीला आठ. तेवढ्यात दोन पालं आरामात बसतात. मी एका रविवारी बूट घालून पावलांनी मोजलंय, लोक बघत होते. गोडाऊनचे नकाशे मंजूर करताना ट्रक उभे करायची जागा दाखवावी लागतेच. गावच्या जागेत दोन गुंठे, एक नळ, दोन संडास, एक दिवा आणि कचेरीत एक वही. कोण आलं, कुठून आलं, किती दिवस आहेत. पोलीस-पाटलाच्या वहीसारखी नाही, यात्रेच्या नोंदवहीसारखी. मुलं असतील तर शाळेच्या हेडमास्तरांना निरोप. पंधरा दिवसांनी उठले की वहीत तारीख टाकायची, आणि कुणाला दाखल्यासाठी हवं असेल तर त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल द्यायची. मुक्काम वळ, अमुक ते अमुक तारीख.

घरी हे बोललो तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, चोऱ्या झाल्या तर? मी म्हटलं, गोडाऊनमधून माल जातो तेव्हा आपण ट्रकतळ बंद करतो का? ती म्हणाली, ट्रकवाल्याचा नंबर असतो. तेच तर म्हणतोय मी, वहीत नंबर येईल. तिला पटलं की नाही कळलं नाही, पण संडास दोन नकोत, बायकांचा वेगळा धरून चार हवेत, एवढी दुरुस्ती तिने सुचवली. अर्जात चार लिहिलेत. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी तो लेखी द्यायचाय, खाली माझा पत्ता मु. पो. सकट.